काचेच्या इमारतीचा हरित दाखला

पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून नखशिखांत काचेची कार्यालयीन इमारत उभारायची, त्या काचेतून आत शिरलेली उष्णता बाहेर फेकण्यासाठी अत्यंत कार्यक्षम वातानुकूलन बसवायचे आणि त्या कार्यक्षमतेच्या बळावर हरित मानांकनाचा वरचा दर्जा मिळवायचा, हा क्रम पुणे, हैदराबाद आणि गुरुग्राम येथील गेल्या दोन दशकांच्या बांधकामात इतका रूढ झाला आहे, की त्यातली विसंगती वास्तुविशारदांनाही जाणवेनाशी झाली आहे. या विसंगतीचे मूळ मोजणीत आहे. मानांकनासाठी ऊर्जेची बचत ठरवताना नियोजित इमारतीची तुलना बहुधा किमान नियम पाळणाऱ्या एका काल्पनिक इमारतीशी, संगणकीय प्रतिमानाच्या आधारे, बांधकामापूर्वीच केली जाते. त्यामुळे टक्केवारी हाती येते. पण मीटरवर प्रत्यक्ष किती युनिट पडले आणि त्या जागेला यंत्राने गार करण्याची गरज मुळात होती का, हे प्रश्न अनुत्तरितच राहतात.

छपरावरील सौर पटले, दर्शनी भागावर टांगलेले उभे बगीचे आणि यंत्राने थरावर थर चढवून छापलेली घरे यांची चर्चा मोठी असली, तरी रचना ठरून गेल्यावर चढवलेल्या या भरीने वास्तुकलेत काहीही बदललेले नाही. वाड्यांच्या आठवणीत रमणारा जुन्याचा अभिमानही तितकाच निरुपयोगी आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यातील जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे यांखाली हजारो माणसे दगावली. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते आणि भिंतींना एकमेकींशी बांधणारे आडवे पट्टेही नव्हते. त्या भिंतींत कमतरता होती ती तंत्रज्ञानाची. मात्र लोकांनी त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की दगडमातीच धोक्याची आणि सिमेंट तेवढे सुरक्षित.

खरे काम झाले ते दुसऱ्याच वाटेने. लॉरी बेकर यांनी केरळात विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी राखण्याची ‘रॅट ट्रॅप’ रचना रुजवली. तिच्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि कोंडलेली हवा उष्णता अडवते. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ताण सोसत नाही, तो ताण सळया घेतात, हे साधे अभियांत्रिकी सत्य ओळखून त्यांनी त्या जागी टाकाऊ मंगलोरी कौले घातली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या गटाने मातीत थोडे सिमेंट मिसळून, दाबयंत्राने, भट्टीशिवाय ठोकळे पाडण्याचे शास्त्र प्रयोगशाळेत तपासून गावापर्यंत नेले. या साऱ्या कामात आकडेमोड आहे, चाचणी आहे, यंत्रही आहे. फक्त ते भिंत उभी राहण्यापूर्वी कामाला लागलेले आहे.

अहमदाबाद येथील टोरंट संशोधन केंद्र हा या प्रवृत्तीचा सर्वांत धीट नमुना. नव्वदच्या दशकात निमिष पटेल आणि पारुल झवेरी यांच्या ‘अभिक्रम’ संस्थेने रचलेल्या या इमारतीत माथ्यावरील मनोऱ्यांत पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडले जातात. कोरडी उष्ण हवा त्यांमुळे गार आणि जड होऊन मधल्या मार्गाने खाली उतरते, प्रयोगशाळांतून फिरते आणि बाजूच्या मनोऱ्यांतून बाहेर पडते. औषधसंशोधनाला वातानुकूलन अपरिहार्य असे मानले जात असताना येथील बहुतांश प्रयोगशाळा अशा हवेवर चालवून दाखवल्या गेल्या. मुंबईच्या दमट हवेत मात्र हा मनोरा कुचकामी ठरेल, कारण बाष्पीभवनाने गारवा यायचा तर हवा कोरडी हवी. त्या किनाऱ्यावर खोल पडवी आणि आरपार वारा हेच उत्तर आहे. हवामानाप्रमाणे उत्तर बदलणे हीच या कामाची ताकद आहे, आणि एकच काचेचा साचा सर्व शहरांना लावणाऱ्या पद्धतीला नेमके हेच साधत नाही.

सिमेंटच्या प्रश्नालाही हाच न्याय लागू पडतो. क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भाजलेला गाभा, तयार होताना चुनखडीच्या विघटनातूनच निम्म्याहून अधिक कर्बवायू सुटतो. भट्टीचे इंधन बदलून तो थांबत नाही. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणारे ‘एलसी३’ सिमेंट स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातील संशोधकांनी विकसित केले असून त्याने उत्सर्जन तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते. असे असताना वास्तुविशारद मंडळी काचेच्या नव्या लेपांवर परिसंवाद भरवत असतील, तर त्यांचे प्राधान्यच चुकले आहे.

मग हे काम पसरत का नाही, याचे कारण अज्ञान नव्हे. वास्तुविशारदाचे मानधन सामान्यतः बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर ठरते. जो विटा, सळया आणि यंत्रे वाचवतो, तो स्वतःचेच मानधन घटवतो. बेकर यांचे अनुयायी मोजके राहिले, याला हा हिशेब मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे. म्हणून मानांकनाचा दाखला नकाशावर देणे बंद व्हावे. दोन उन्हाळे गेल्यावर दर चौरस मीटरमागे प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचा आणि बांधकामात मुरलेल्या कर्बाचा आकडा जाहीर व्हावा, आणि मानधनाचा एक हिस्सा तोपर्यंत रोखून धरावा. या मागणीला व्यवसायातून विरोध होईल. तो होणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय हा प्रश्न वास्तुविशारदांच्या परिषदांत चर्चेलाही येणार नाही.