अधिकारपदानंतरचे राजकारण: देशमुख आणि छागला

पद सोडल्यावर शासकीय अधिकाऱ्याने राजकारणात प्रवेश करावा काय, हा प्रश्न बहुधा कालावधीचा समजला जातो. मध्यंतरी किती काळ जाऊ द्यावा, एवढीच चर्चा होते. निर्वाचन आयोगाने २०१२ साली अशा विरामाची केलेली सूचना शासनाने स्वीकारली नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय कायदेमंडळाकडेच सोपविला.

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीच्या रहिवाशांना विरामाचा हा वाद काहीसा विनोदीच वाटला असता. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात २६ जानेवारी १९५० पासून १९५२ पर्यंत एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारीच मुख्यमंत्री होते. मतदारांना कोणी विचारलेच नव्हते.

चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आणि १९५० साली अर्थमंत्री झाले. अंतर वर्षभराचेही नव्हे. परंतु १९५२ मध्ये कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. विरामाच्या कसोटीवर ते उतरत नाहीत. तथापि त्यांना पद देणाऱ्यांचे ते मिंधे राहिले, असे त्यांच्या विरोधकांनाही म्हणता येणार नाही.

छागलांचे प्रकरण अधिक बिकट आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना १९५८ साली त्यांनी मुंदडा प्रकरणाची चौकशी केली व तिच्या परिणामी अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा शासनाला खूष ठेवून त्यांनी पद मिळविले, हा आरोप टिकत नाही. मात्र निवृत्त न्यायाधीशांनी शासकीय नेमणुका स्वीकारू नयेत, अशी शिफारस करणाऱ्या विधि आयोगाचे ते सदस्य होते, आणि त्याच वर्षी ते राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. आयोगाचे अध्यक्ष सेटलवाड यांनी पुढे आत्मचरित्रात त्यांच्यावर कठोर टीका केली, ती अकारण नव्हती.

१९६३ साली शिक्षणमंत्री झालेल्या छागलांनी १९६७ मध्ये भाषाधोरणावरून राजीनामा दिला, हे खरे. परंतु अर्थमंत्र्याचे स्वातंत्र्य त्याच्या पुढील वर्तनावरून पारखता येते, न्यायाधीशाचे तसे पारखता येत नाही. शासनाविरुद्ध दावा हरलेल्या पक्षकाराला न्यायाधीशाच्या नेमणुकीची वार्ता निकालानंतर कळते, आणि नंतरचा कोणताही राजीनामा त्याच्या मनातील शंका फेडू शकत नाही. संविधानाच्या १४८ व्या अनुच्छेदाने नियंत्रक व महालेखापरीक्षकास पुढील शासकीय पदांस अपात्र ठरविले आहे. न्यायाधीशांवर तसे बंधन नाही.