पडदा राखला, आता चित्रपटाचं बघा

'टू फ्लाय!' हा माहितीपट १९७६ साली वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात झळकला. लांबी अवघी २७ मिनिटं. सुरुवातीला पाच मजली पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट दिसते, तिच्यात जुन्या काळातला एक माणूस बलूनमधून आकाशात जायला निघालेला असतो. बलून जमीन सोडतं आणि ती चौकट पसरत पसरत सगळा पडदा व्यापते. नजरेला कडाच उरत नाही आणि पोटात गोळा येतो. ग्रेग मॅकगिलिव्हरे आणि जिम फ्रीमन यांनी पडद्याचा आकारच गोष्टीत ओढून घेतला होता. भव्य पडद्यासाठी केलेला कुठलाही नवा माहितीपट बघताना मी हेच विचारतो, की हा घरी टीव्हीवर बघितला असता तर नेमकं काय हुकलं असतं? गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच चित्रपटांबाबत उत्तर येतं, फारसं काही नाही. या कलेची मला वाटणारी काळजी ती एवढीच, पण ती मोठी आहे.

अशा भव्य पडद्यांची थिएटरं एकत्र बांधणारी संस्था म्हणजे जायंट स्क्रीन सिनेमा असोसिएशन. आधीच्या दोन संघटना एक होऊन ती २००६ मध्ये उभी राहिली. तिचं वर्ष दोन मेळाव्यांभोवती फिरतं, साधारण मार्चमध्ये फिल्म एक्स्पो आणि सप्टेंबरच्या सुमारास आंतरराष्ट्रीय परिषद. थिएटर चालवणारे, निर्माते, वितरक, प्रोजेक्टर बनवणारे असे सगळे जमतात. नवे चित्रपट खऱ्याखुऱ्या मोठ्या पडद्यावर दाखवले जातात, अर्धवट झालेल्यांचे तुकडे आणि अजून कागदावरच असलेल्यांचे बेतही मांडले जातात. मेळावा व्यापारी आहे, पण आपल्या शहरात एकट्या पडलेल्या संग्रहालयाच्या थिएटरला त्याची फार गरज असते. तिथे एकदा लावलेला चित्रपट महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालतो. निवड चुकली तर पुढच्या शुक्रवारी बदलून टाकायची सोय नसते.

संघटनेचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे तिने भव्य पडद्याचं माप ठरवलं. सपाट पडदा किमान ७० फूट रुंद हवा किंवा त्याचं क्षेत्रफळ ३१०० चौरस फूट हवं, आणि घुमट असेल तर त्याचा व्यास किमान ६० फूट हवा. ही आकडेमोड कोरडी वाटेल, पण २००८ पासून मल्टिप्लेक्सच्या हॉलांत डिजिटल आयमॅक्स यंत्रणा बसू लागली आणि भव्य पडद्यांशी जोडलेलं ते नाव बऱ्याच लहान पडद्यांवरही लागलं. अशा वेळी कुणीतरी टेप लावून उभं राहणं भाग होतं. पुढे फिल्म जाऊन डिजिटल यंत्रणा येऊ लागली, तेव्हा घुमटात आणि भव्य पडद्यावर चित्र किती रेखीव आणि किती उजळ हवं याचेही तांत्रिक निकष तयार झाले. घुमटात हा प्रश्न जास्तच अवघड असतो. पडद्याच्या एका बाजूचा उजेड समोरच्या बाजूवर जाऊन पडतो आणि काळा रंग काळा राहत नाही.

भव्य पडदा जपण्याच्या या चिकाटीचं फळ २०२३ मध्ये दिसलं. 'ओपनहायमर' मूळ ७० मिमी आयमॅक्स फिल्मवर जगात फक्त ३० पडद्यांवर लागला. ही फिल्म प्रोजेक्टरमधून आडवी सरकते, प्रत्येक चौकटीला १५ छिद्रं. तीन तासांच्या या चित्रपटाची प्रिंट सुमारे १८ किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाची होती. त्या ३० पडद्यांत लंडनचं विज्ञान संग्रहालय होतं, मेलबर्न संग्रहालय होतं, इंडियानापोलिसचं राज्य संग्रहालयही होतं. भारतातला एकही नव्हता. वडाळ्यात २००१ साली घुमटाकार आयमॅक्स उघडलं होतं हे आठवलं की ही गैरहजेरी मला फार लागते. ७० मिमी फिल्म दाखवणारी यंत्रं चालती ठेवण्यात शाळांच्या सहलींवर गुजराण करणाऱ्या संग्रहालयांचा मोठा वाटा आहे, याची नोंद हॉलिवूडच्या कौतुकात कुणी फारशी घेत नाही.

थिएटरं टिकली, पण त्यांच्यासाठी होणारे माहितीपट एकमेकांसारखे दिसू लागलेत. प्राणी किंवा जंगल, वरून फिरणारा कॅमेरा, शेवटी आशेचा सूर, आणि या सगळ्यावर एखाद्या नामवंत नटाचा आवाज. 'पांडाज'ला क्रिस्टन बेल, 'सुपरपॉवर डॉग्ज'ला क्रिस एव्हान्स, 'ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट'ला रायन रेनॉल्ड्स. या नावांनी पोस्टर सजतं आणि प्रायोजकही खूश होतात, हे मला समजतं. पण समोर पाच मजली अस्वल उभं असताना ते अस्वल आहे हे कुणी कानात सांगावं लागत नाही. या पडद्यावर डोळ्याला भटकायला वेळ लागतो. कोपऱ्यातला पक्षी आपला आपण सापडला पाहिजे. आणि नेमका तोच वेळ निवेदन खाऊन टाकतं.

'एव्हरेस्ट' या माहितीपटातही निवेदन होतं, लियम नीसनचं. पण त्या चित्रपटाची शिस्त कॅमेऱ्यातून आली होती. डेव्हिड ब्रेशिअर्सच्या तुकडीने १९९६ च्या मे महिन्यात, वादळात अडकलेल्या इतर गिर्यारोहकांसाठी आपला ऑक्सिजन देऊ करून, चित्रीकरण थांबवलं. मग २३ मे रोजी खास हलका केलेला कॅमेरा शिखरावर नेला. तेनसिंग यांचा मुलगा जामलिंग त्या चढाईत होता. ५०० फुटांचं एक रीळ जेमतेम दीड मिनिट चालायचं, म्हणजे काय टिपायचं आणि काय सोडायचं हे बटण दाबायच्या आधी ठरवावं लागे. १९९८ मध्ये आलेल्या या चित्रपटाने दहा कोटी डॉलरच्या वर कमाई केली. धंद्याने त्यातून साहस आणि हिमशिखरं उचलली, ती निवड मात्र मागे राहिली. डिजिटल कॅमेरा दिवसभर चालू ठेवता येतो आणि त्याचा सैलपणा पडद्यावर कळतो.

वेगळं करता येतं याचा दाखला २०१९ चा. टॉड डग्लस मिलरच्या 'अपोलो ११'ची संग्रहालयांसाठी ४७ मिनिटांची आवृत्ती निघाली. निवेदक नाही, आजच्या मुलाखती नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून राहिलेलं ७० मिमी चित्रण आणि तेव्हाचे खरे आवाज, बस्स. सुरुवातीला रॉकेट ज्या अजस्र वाहनावरून प्रक्षेपणस्थळाकडे नेतात त्याचे पट्टे संथ फिरतात आणि बाजूने चालणारी माणसं त्यांच्यापुढे चिमुकली दिसतात. वजन म्हणजे काय ते अंगाला जाणवतं. हे चित्रण पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचं आहे आणि तरी ते नव्या चित्रपटांपेक्षा या पडद्याला जास्त शोभतं.

संघटना चित्रपट बनवत नाही, हे खरं. संग्रहालयांना शाळांना चालेल असाच विषय हवा असतो आणि ४० मिनिटांची लांबी दिवसाचे खेळ बसवायला सोयीची पडते, हेही खरं. पण अजून कागदावर असलेले बेत तिच्याच मेळाव्यात पहिल्यांदा ऐकले जातात. तिथे निर्मात्याला विषय आणि निवेदकाचं नाव विचारण्याआधी पहिल्या तीन मिनिटांत आवाजाशिवाय पडद्यावर काय दिसेल ते विचारावं. थिएटरवाल्यांनी आपल्या पुढच्या दोन-तीन वर्षांच्या वेळापत्रकातली एखादी जागा निवेदनाशिवाय केलेल्या चित्रपटासाठी आधीच राखून ठेवावी, आणि तसा शब्द सप्टेंबरच्या परिषदेत सगळ्यांसमोर द्यावा. विकत घेणारे ठरलेले असले की असा चित्रपट काढायला पैसा उभा करणं नव्या दिग्दर्शकालाही जमेल.