'स्मूथ' म्हणजे नेमकं काय?

टकीलाचं कौतुक करताना माझ्या ओळखीतले सगळे एकच शब्द वापरतात: स्मूथ. मीही वापरायचो. मग कामानिमित्त ग्वादालाहाराला गेलो असताना एका दुपारी बाटल्या झाकून चार ग्लास समोर मांडले गेले. पहिला नंबर मी बेधडक दिला तो सोनेरी, व्हॅनिलाच्या वासाच्या, घशाला जराही न टोचणाऱ्या टकीलाला. शेवटचा दिला पाण्यासारख्या पारदर्शक, मिऱ्यासारख्या तिखट, ओल्या मातीचा वास असलेल्या ग्लासाला. आज मी तो क्रम नेमका उलटा लावीन.

टकीला निळ्या आगावेपासून होते. आपल्या बांधावरच्या घायपाताचा हा सख्खा भाऊ. हालिस्कोच्या लाल मातीत तो पिकायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात आणि झाड एकदाच कामी येतं. पानं छाटून उरलेला गड्डा विटांच्या भट्टीत दोन-तीन दिवस शिजला, की त्याला भाजलेल्या रताळ्यासारखा गोड, किंचित धुरकट वास येतो. हाच वास ग्लासात शोधायचा. पण डिफ्यूझर नावाच्या यंत्रात कच्चाच गड्डा पिंजून पाण्याच्या माऱ्यानं साखर धुऊन काढता येते. झटपट काम, भरपूर उतारा, आणि बहुतेकदा चेहरा नसलेली दारू. मग चेहरा वरून रंगवायचा. कॅरॅमल, ओकचा अर्क, साखरेचा पाक, ग्लिसरीन: मुरवलेल्या टकीलात वजनाच्या 1 टक्क्यापर्यंत हे चालतं, आणि '100 टक्के आगावे' लिहिलेल्या बाटलीवरही त्याचा उल्लेख करावा लागत नाही. आम्ही ज्याला स्मूथ म्हणत होतो, ते बरेचदा ग्लिसरीन असतं.

म्हणून मी आता आधी ब्लांको चाखतो. मीठ-लिंबू नाही, ते वाईट दारू झाकायला ठीक. दोन थेंब तळहातावर चोळायचे, अल्कोहोल उडू द्यायचं आणि मागे काय उरतं ते हुंगायचं. अर्थात तिखट ते सगळं चांगलं, असंही नाही. आगावेचा तिखटपणा जिभेवर पसरतो आणि हळूहळू विरतो. ढिसाळ ऊर्ध्वपातनाचा नुसताच घसा जाळतो, थिनरसारखा.

रेपोसादोशी माझं वैर नाही. दोन महिन्यांहून थोडं जास्त पिंपात राहून झाडाची आठवण शाबूत ठेवणारे रेपोसादो मी आनंदानं प्यायलोय. तीन वर्षांपुढच्या एक्स्ट्रा आन्येहोंपैकी मी चाखलेल्या बहुतेकांना मात्र कोन्याक व्हायचं होतं. मग कोन्याकच का घेऊ नये?

दुकानात मी आता किमतीआधी 'एनओएम' पुढचा चार आकडी क्रमांक बघतो. तो कारखाना सांगतो. भट्टी की डिफ्यूझर, हे त्यावरून शोधता येतं. त्या दुपारच्या माझ्या पहिल्या नंबरचा क्रमांकही मी नंतर शोधला. डिफ्यूझर.