बंदरातला तिसरा : मुंबईतील चिनी आणि आपले वाचन

पूर्वेकडे गेलेल्या माणसाची स्मृती आपण जपतो. पूर्वेकडून आलेल्या माणसाची जपत नाही. भुईगावच्या किनाऱ्यावरून पाहताना हा विरोध अधिक जाणवतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकी येथे हुतात्मा झाले, १८६२ साली संतपदी पोहोचले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज वसईत उभे आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली चीनमध्ये निवर्तले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. उलट दिशेने येऊन मुंबई बंदरात उतरलेला चिनी मात्र मराठीत मुख्यतः वस्तूंचे विशेषण होऊन राहिला : चिनी माती, चिनी रेशीम.

या अनुपस्थितीचे कारण केवळ अल्पसंख्येत शोधणे पुरेसे नाही. महाबळेश्वरचे उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकात मलाक्का सामुद्रधुनीलगतच्या ब्रिटिश वसाहतींतून चिनी आणि मलायी बंदिवान तेथे आणले गेले. तुरुंग १८६४ मध्ये बंद होईपर्यंत त्यांनी बटाटे आणि युरोपीय भाज्या पिकवल्या. त्याच काळात मुंबई इलाख्यातील कैदी सिंगापूरकडे रवाना होत होते. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये हे बंदिवान समूह म्हणून येतात, श्रम म्हणून येतात. व्यक्ती म्हणून नव्हे. पुढे एका धबधब्याला ‘चायनामन्स फॉल’ हे नाव चिकटले. प्रशासकीय संहितेने माणसाचे स्थलनाम केले आणि आपण ते पर्यटकाच्या सहजतेने उच्चारत राहिलो.

येथे आपल्या वसाहतोत्तर समीक्षेच्या एका गृहीतकाकडे वळावे लागते. एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) नंतर जेता आणि जित हे द्वंद्व आपल्या चर्चेत रुजले. बंदरशहरात ते अपुरे पडते. माळव्याची अफू मुंबईहून कँटनला जाई. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या वैभवाला या व्यापाराचा आधार होता. म्हणजे मुंबईतला जित कँटनमध्ये साम्राज्याचा भागीदार ठरतो. अमिताव घोष यांच्या ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (२०११) मधील बेहराम मोदी हे नैतिक ओझे वाहतो. चिनी स्त्रीपासून झालेला त्याचा मुलगा आह फात दोन्ही बंदरांना परका राहतो. तथापि या कादंबरीची नजर मुंबईहून कँटनकडे जाते. माझगावात १९१९ साली उभारलेले, कँटोनी खलाशांशी निगडित असलेले सी यिप कून मंदिर ज्या उलट्या प्रवासाची खूण आहे, तो प्रवास तिच्या कक्षेबाहेर राहतो.

तो ‘तिसरा’ केवळ वसाहतीचा प्रश्न असता, तर १९४७ नंतर मिटला असता. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या रहिवाशांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांतील अनेकांचा जन्म भारतातच झाला होता. आसाममधील अशा कुटुंबांवर रीता चौधुरी यांनी ‘माकाम’ (२०१०) ही असमिया कादंबरी लिहिली. मराठी वाचकाला देवळी अपरिचित नाही. परंतु ती त्याला माहीत आहे ती ब्रिटिशांनी श्रीपाद अमृत डांगे आणि इतर राजकीय कैद्यांना तेथे ठेवले म्हणून. राज्यकर्ते बदलले, छावणी तीच राहिली. पहिल्या बंदिवासाला आपण इतिहास म्हणतो. दुसऱ्याला आपल्या वाङ्मयीन स्मृतीत जागा देत नाही.

म्हणून मराठी कथात्म साहित्यात चिनी पात्रे किती आहेत, हा मोजणीचा प्रश्न दुय्यम होय. मुंबईला ‘बहुभाषिक’, ‘सर्वसमावेशक’ म्हणून गौरवणाऱ्या आपल्या समीक्षेने त्या विशेषणांची कसोटी कोणावर घेतली, हा खरा प्रश्न आहे. ज्याची संख्या मते मागण्याइतकी नाही आणि ज्याच्या बाजूने बोलण्याने लेखकाची प्रतिष्ठा वाढत नाही, त्याच्या मौनाशीच ही कसोटी लागते.