लाकडाचे वजन, नादाचे वजन

आपल्या भाषेने वजनाच्या बाबतीतला निकाल फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. ज्याच्या शब्दाला चार माणसांत मान तो वजनदार. ज्याचे बोलणे-चालणे आदर निर्माण करते तो भारदस्त. आणि ज्याने कोतेपणा दाखवला तो हलका. पिंगळात अक्षरे लघु आणि गुरू असतात, आणि आपल्याला शहाणे करतो तोही गुरूच. अशा भाषेत वाढलेल्या माणसाने एखादे वाद्य उचलावे, ते हाताला जड लागावे, आणि त्याने लगेच ‘याचा नाद भारदस्त असणार’ असे म्हणून टाकावे, यात नवल कसले? मी तसे म्हटले होते. माझी भाची इलेक्ट्रिक गिटार वाजवते. दोन गिटारींपैकी कोणती घ्यावी असे तिने विचारले, तेव्हा मी दोन्ही उचलून पाहिल्या आणि मोठ्या अधिकाराने जड गिटारकडे बोट दाखवले. ती पावणेपाच किलोंची होती. त्या सल्ल्याला सहा वर्षे झाली; भाचीचा डावा खांदा गेले वर्षभर दुखतो आहे. तेव्हा या प्रश्नाचा विचार मी आज करतो आहे तो निव्वळ जिज्ञासेपोटी नव्हे. टीकाकाराचे मत दुसऱ्याच्या खांद्यावर टांगले गेले, की ते पुन्हा तपासून पाहणे त्याला टाळता येत नाही.

प्रश्न असा : भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारच्या नादात तिच्या वजनाचा वाटा किती?

‘भरीव’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आपल्या परिचयाची तंतुवाद्ये पोकळ असतात. मिरजेचा तंबोरा घ्या. तार छेडली की घोडीवाटे तिचा कंप तबलीत उतरतो, भोपळ्यातली हवा हलते, आणि आपल्या कानांवर पडतो तो त्या अंगाचाच आवाज. अंग बोलते, तार केवळ त्याला बोलायला लावते. भरीव गिटारचे शास्त्र याच्या नेमके उलटे आहे. तिथे पोलादी तार एका चुंबकावर हलते, चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, आणि ती वीज ध्वनिवर्धकातून नाद होऊन बाहेर पडते. या वेटोळ्याला वादक पिकप म्हणतात. पिकपला तार दिसते, लाकूड दिसत नाही. अंगाचे काम बोलण्याचे नसून मुकाट राहण्याचे आहे.

आणि ते मुकाट राहावे म्हणूनच ते भरीव झाले. पोकळ गिटारला पिकप लावून आवाज मोठा केला, की कर्ण्यातून निघालेला आवाज तिची पातळ तबली पुन्हा हलवी, ती हालचाल तारांत जाई, तारांतून पुन्हा कर्ण्यात, आणि क्षणार्धात असह्य घोंगाट सुरू होई. १९३२ साली अमेरिकेत रिकनबॅकरची जी हवाईयन गिटार विक्रीस आली ती तर सबंध ॲल्युमिनियमची ओतीव होती. तिच्या रूपामुळे लोक तिला ‘तळण्याचा तवा’ म्हणत. पुढे १९४१ च्या सुमारास लेस पॉल या वादकाने न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात रविवारी बसून एक प्रयोग केला. चार इंच बाय चार इंचांचा पाइनचा सरळसोट ओंडका घेतला, त्याला दांडी, घोडी आणि पिकप बसवला, आणि तारा चढवल्या. घोंगाट थांबला, तारेची आस लांबली. अर्थात वजनाचा पहिला युक्तिवाद खोटा नव्हता. अंग जितके कमी हलेल तितकी तारेची शक्ती तारेतच राहील, हे त्या ओंडक्याने सिद्ध केले.

पण या हकीकतीचा उत्तरार्ध मला अधिक बोलका वाटतो. लेस पॉल स्वतःच तो सांगत असे. नुसता ओंडका घेऊन तो लोकांसमोर गेला तेव्हा कुणाला त्याचे काही वाटले नाही. मग त्याने एक पोकळ गिटार मधोमध कापली आणि तिचे दोन अर्ध ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे जोडले. नाद तोच, हात तेच. श्रोते मात्र खूष झाले. लोक डोळ्यांनी ऐकतात असे त्याचे मत झाले. मी यात एवढीच भर घालीन की लोक हातांनीही ऐकतात. श्रोत्याला पंख दिसले म्हणून त्याचे कान उघडले. मला वजन लागले म्हणून माझे.

यानंतरचा इतिहास म्हणजे वजनाविषयीच्या अभिरुचीचा इतिहास आहे, आणि टीकाकाराने तो वाचण्यासारखा आहे. लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याने १९५० मध्ये फळीसारखी सपाट गिटार बाजारात आणली. गिब्सनने १९५२ मध्ये लेस पॉलचे नाव दिलेली गिटार काढली. महोगनीच्या जाड अंगावर मेपलचे कोरीव आवरण. या गिटारी सर्वसाधारणपणे चार किलोंच्या आसपास भरत. १९६१ मध्ये गिब्सनने तेच अंग पातळ केले. त्यातून पुढे एसजी म्हणून ओळखली गेलेली, तीन किलोंच्या आसपासची गिटार निघाली. पण इंग्लंडातल्या तरुण वादकांनी जुन्या जाड गिटारींचा ध्यास घेतला, आणि १९६८ मध्ये गिब्सनला ती पुन्हा काढावी लागली. १९७० नंतरच्या दशकात त्याच जातीच्या गिटारी पाच किलोंवर जाऊ लागल्या. जडपणा हा तेव्हा गुण होता. आस वाढावी म्हणून वादक पितळी घोड्या बसवून वजनात आणखी भर घालीत. १९८० नंतर वारे फिरले. गिब्सनने आवरणाखालच्या महोगनीत नऊ गोल भोके पाडून वजन उतरवले, २००६ च्या सुमारास तर अंगात मोठे पोकळ कप्पेच ठेवले, आणि २०१९ मध्ये ‘आत कोठेही पोकळी नाही’ हे भूषण म्हणून मिरवीत पुन्हा भरीव अंग विकायला सुरुवात केली. आज अमेरिकेतले कित्येक दुकानदार प्रत्येक गिटारचे वजन पौंड-औंसांत लिहून ठेवतात, आणि हलकी गिटार महाग जाते.

म्हणजे काय झाले? जड लाकूड श्रेष्ठ मानले जात होते तेव्हा कारण दिले जाई नादाचे : घट्ट लाकूड, लांब आस. हलके लाकूड श्रेष्ठ मानले जाऊ लागले तेव्हाही कारण दिले जाते नादाचेच : मोकळे लाकूड, जिवंत आवाज. एकाच कानाने दोन उलट साक्षी दिल्या, आणि दोन्ही वेळा ग्राहकाने त्या मान्य केल्या. वाङ्मयाच्या क्षेत्रात असा साक्षीदार आपण केव्हाच बाद केला असता. की तिथेही आपण त्याला ठेवून घेतलेच आहे?

कानाची साक्ष बाजूला ठेवून मोजमापांकडे वळावे, तर चित्र बरेच स्पष्ट आहे. साधारण जाडीच्या सहाही तारांचा कंप पावणारा भाग वजनाला दहा ग्रॅमच्या आसपास भरतो. तीन किलोंचे अंग म्हणजे त्या तारांच्या तीनशे पट, साडेचार किलोंचे म्हणजे साडेचारशे पट. दोन्ही ठिकाणी तारेच्या दृष्टीने ती भिंतच. अधिक जाड भिंतीवर चेंडू फारसा अधिक उसळत नाही. शिवाय गिटारचे सर्वांत लवचिक अंग म्हणजे तिची दांडी. म्यूनिकमध्ये हेल्मुट फ्लायशर आणि टिल्मन झ्विकर यांनी १९९० नंतरच्या दशकात असे दाखवले की एखाद्या विशिष्ट पडद्यावर स्वर लवकर मरतो तो मुख्यतः दांडी त्या कंपसंख्येला साथ देऊन तारेची शक्ती शोषते म्हणून. तेव्हा लाकडाचा काहीच संबंध नाही असे म्हणणे अतिरेकाचे होईल. संबंध आहे, पण तो कोणता भाग कुठे आणि किती वाकतो याच्याशी आहे. तराजूचा काटा एवढे सांगू शकत नाही. दुसऱ्या टोकाला नॅशव्हिलचा वादक जिम लिल याने तर अंगच काढून टाकले. दोन बाकांच्या मध्ये तारा ताणल्या, पिकप नेमक्या जागी आणि नेमक्या उंचीवर ठेवला, आणि गिटारशिवाय गिटारचा नाद काढून दाखवला.

मला स्वतःला याहून लहान परीक्षा पुरली. भाचीच्या ओळखीच्या एका वादकाकडे तिच्याच बनावटीची, पण साडेतीन किलोंची गिटार होती. दोन्हींना एकाच जातीच्या नव्या तारा चढवल्या, पिकपची उंची मोजून सारखी केली, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो. कोणती वाजवायची ते नाणे उडवून ठरत होते. बारा वेळांपैकी सात वेळा माझे उत्तर बरोबर आले. पहिल्या क्षणी मला बरे वाटले. मग लक्षात आले की नाण्यालाच विचारले असते तर त्यानेही सहा-सात उत्तरे बरोबर दिली असती. भाची हसली नाही, एवढे मला पुरेसे बोलके वाटले. ती इतकेच म्हणाली, “मामा, तुम्ही डोळे मिटून ‘ही जड’ म्हणालात ना, तेव्हा फार खात्रीनं म्हणालात.”

अशी फजिती झालेला मी एकटाच नाही, हे माझे समाधान आहे. २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांना काळे चष्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली. त्यात स्ट्राडिव्हारीची दोन होती. बहुतेकांना जुने कोणते ते ओळखता आले नाही, आणि सर्वाधिक पसंती मिळाली ती एका नव्या वाद्याला. पोकळ, बोलक्या अंगाच्या वाद्यात ही गत. मग मुक्या अंगाचे काय घेऊन बसलात?

ज्यांना मोजमापांचा कंटाळा आहे त्यांनी एक ऐतिहासिक उदाहरण ध्यानात ठेवावे. १९७० मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे ज्याला ‘हेवी मेटल’ म्हणजे जड धातू असे नाव पडले, त्या संगीताचा उगम बहुतेक जाणकार तिथे मानतात. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या हातात जवळजवळ सबंध मुद्रिकाभर होती ती पातळ अंगाची एसजी. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे गेली होती. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची बोटे नेमकी तीच. म्हणून तो बारीक तारा वापरी, आणि पुढे त्या खाली उतरवून सैलही करू लागला. हलके अंग, हलक्या तारा, आणि त्यांतून निघालेले संगीत मात्र असे की ते ‘जड’ हे विशेषण कायमचे घेऊन बसले. ते वजन लयीत होते, खर्जात होते, पिकप-ध्वनिवर्धकाच्या करामतीत होते. सर्वांत अधिक त्या माणसात होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. वादक म्हणेल, श्रोत्याला ऐकू येत नसेल, पण मला छातीशी जाणवते. जड गिटार हाती आली की मी वेगळा वाजवतो. हे खरे आहे. परंतु येथे निर्मितीची सोय आणि कलाकृतीचा गुण यांत गल्लत होता कामा नये. एखाद्या कवीला ठरावीक दौत-टाकाशिवाय ओळ सुचत नाही. त्याने तो टाक अवश्य जपावा. कवितेचे परीक्षण करताना मात्र आपण टाकाचे वजन करीत नाही.

इतके म्हटल्यावर माझ्याच उपमेतले न्यून मला दिसते. टाक खांद्यावर टांगून चार तास उभे राहावे लागत नाही. वजनाचा खरा प्रांत येथे सुरू होतो, आणि आम्ही नादाची चर्चा करणाऱ्यांनी तो दुर्लक्षित ठेवला. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला फेंडरने पाठीमागून बरगड्यांसाठी आणि पुढून हातासाठी उतार दिला. तो नादासाठी नव्हता, वादकांच्या अंगाला कडा बोचत म्हणून होता. आणि नुसते हलके असणेही पुरत नाही. हलक्या एसजीची दांडी पट्ट्यावर टांगताच जमिनीकडे झुकू पाहते, मग ती सावरण्यात डावा हात अडकतो आणि बोटे मोकळी राहत नाहीत. एकूण वजनाइतकाच त्याचा तोल महत्त्वाचा. या गोष्टी दुकानात मिनिटभर गिटार उचलून कळत नाहीत. तासभर उभे राहून वाजवल्यावर कळतात. मी मिनिटभरच उचलली होती, आणि ती घेऊन मी उभा राहणार नव्हतो.

मी भाचीला ती गिटार विकून टाकण्याचा सल्ला दिला. या वेळी अधिकाराने नव्हे, थोड्या संकोचाने. तिने मान हलवली. “नको मामा. आवाज हिच्यातच आहे असं मी म्हणत नाही. पण सहा वर्षांत माझे हात हिच्यावर बसलेत.” आता ती घरी बसून वाजवते, कार्यक्रमाला मैत्रिणीची हलकी गिटार नेते, आणि मी आणून दिलेला रुंद चामडी पट्टा वापरते. परवा तिच्या कार्यक्रमाला गेलो होतो. तिसऱ्या रांगेत बसून ऐकताना, हातात कोणती गिटार आहे हे पाहायचे मी विसरलो.