पूर्वरंग : आलेल्या माणसाला आत घेण्याची कला



२०२५ या एका वर्षात मी जे पाहिलं आणि ऐकलं, त्यावर बोलावं असं संयोजकांनी सांगितलंय. सिनेमे, संगीत नाटकं, मैफली, जत्रेतला तमाशा आणि पडद्यावर पाहिलेला एक ऑपेरा. यादी वाचून दाखवणार नाही. यादीनं फक्त माणूस किती हिंडला ते कळतं. मी या सगळ्यांना एकच प्रश्न विचारणार आहे. बाहेरून, डोक्यात हजार गोष्टी घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही आत कसं घेता?

हा प्रश्न निफाडमधून विचारायला सोपा जातो. इथून नाशिकचं नाट्यगृह चाळीसेक किलोमीटर. माणूस शेतातून नाहीतर दुकानातून उठतो, गाडी पकडतो, परतीची काळजी सोबत घेऊन खुर्चीत बसतो. शरीर खुर्चीत असतं. मन असतं लासलगावला, कांद्याला काय भाव फुटला ते बघायला. समीक्षा लिहिणारे आम्ही लोक गृहीत धरतो की पडदा वर गेला की प्रेक्षक तयार. तो तयार नसतो बरं का.

हे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये एका माणसाला नीट कळलं होतं. अभिनवगुप्त. भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या टीकेत त्यानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. काही विघ्नं नाटकाच्या बाजूची आहेत : जे दाखवलंय ते संभवतच नाही असं वाटणं, अस्पष्टता, मुख्य काय ते न कळणं. पण एक विघ्न सरळ प्रेक्षकाचं आहे. आपल्याच सुखदुःखानं माणूस बांधलेला असतो. अशा माणसाचं मन दुसऱ्या कशात विसावणार कसं?

यावर त्यानं काय उपाय सांगितला? प्रेक्षकानं मन शुद्ध करून यावं, असा उपदेश केला नाही. जबाबदारी नाट्यावर टाकली. वाद्यं, गाणं, सजवलेला मंडप, कुशल नर्तकी हे सगळं त्यासाठीच आहे, म्हणतो. त्यानं अहृदय माणूसही सहृदय केला जातो. 'केला जातो' हे शब्द नीट ऐका. आपण 'सहृदय रसिक' असं म्हणतो ते जणू जन्माला येताना कुणी शिक्का मारून पाठवलाय अशा थाटात. अभिनवगुप्ताच्या हिशेबी सहृदय घडवावा लागतो, आणि तो दर प्रयोगाला नव्यानं घडवावा लागतो.

या घडवण्याला आपल्याकडे नाव आहे, पूर्वरंग. कीर्तन ऐकणाऱ्यांना हा शब्द सांगायला नको. आधी पूर्वरंगात निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय सगळा पूर्वरंगावर आहे. त्याची एकोणीस अंगं सांगितली आहेत, नऊ पडद्याआड आणि दहा पडद्याबाहेर. गंमत अशी की वाद्यं मांडणं, गायकांनी जागा घेणं, वाद्यं सुरात लावणं ही सुद्धा त्यात मोजली आहेत. आपण ज्याला 'अजून सुरू व्हायचंय' म्हणतो, ते भरताच्या लेखी सुरू झालेलं असतं.

आता वर्षाकडे येऊ.

पौषात आमच्या तालुक्यात जत्रांचे दिवस. नैताळ्याच्या मतोबा महाराजांची यात्रा पौष पौर्णिमेची. याच काळात द्राक्षं काढणीला येत असतात. ढग आले की मणी तडकायची भीती. अशा माणसांसमोर तमाशाचा फड उभा राहतो. तमाशाची जुनी बांधणी बघा : गण, गवळण, बतावणी आणि मग वग. गणात देवाला बोलावलं. गवळणीत मावशीनं कृष्णाशी वाद घातला. बतावणीत सोंगाड्या आजच्या गोष्टी बोलतो. भाव, पुढारी, पीककर्ज, सगळं त्यात येतं. माझं म्हणणं असं की इथं तमाशा अभिनवगुप्ताच्या एक पाऊल पुढे गेलाय. अभिनवगुप्ताचा उपाय प्रेक्षकाचं दुःख सुरांनी बाजूला सारतो. सोंगाड्या ते दुःखच मंचावर आणतो, त्यावर हसवतो, आणि हसून झाल्यावर माणूस वगातल्या राजाचं ऐकायला मोकळा होतो.

गेल्या वर्षी आमच्या भागात जो तमाशा पाहिला, त्यात गण दोन मिनिटांत उरकला. गवळण नावापुरती. बतावणी गाळली. समोरच्या पोरांना सिनेमाची गाणी हवी होती, तीच झाली. वग शेवटी सुरू झाला तेव्हा निम्मं मैदान रिकामं. फडाला मी दोष देत नाही. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा, गर्दी टिकवायची, सुपारीचा हिशेब जुळवायचा. पण परिणाम बघा. पूर्वरंग कापला म्हणून वेळ वाचला नाही, वगच गेला. उंबरा काढून टाकला की घरात शिरणं सोपं होईल असं वाटतं. झालं असं की आत कुणी आलंच नाही.

जानेवारीतच 'संगीत मानापमान' हा सिनेमा आला. सुबोध भावे यांचं दिग्दर्शन. खाडिलकरांचं मूळ नाटक १९११ चं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं, भामिनी बालगंधर्वांची. याच नाटकाचा १९२१ चा 'संयुक्त मानापमान' टिळक स्वराज्य फंडासाठी झाला, बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र. सिनेमात मेहनत आहे, देखणेपण आहे. जुनं नाटक नव्या पोरांपर्यंत न्यायची तळमळ खरी आहे, तिचा आदर करतो. तक्रार एकच. संगीत नाटकात पद येतं तेव्हा कथा थांबते, आणि त्या थांबण्यात प्रेक्षक बसतो. सिनेमाला थांबायची भीती वाटते. गाणं चालू असताना चित्र इतकं पळतं की कानाला बूड टेकायला जागा नाही. धनापेक्षा माणसाचा मान मोठा, हे भामिनीला हळूहळू कळतं. ते 'हळूहळू' गेलं, की कळणंही उपरं वाटतं.

पूर्वरंग म्हणजे गाणंच पाहिजे असं मात्र नाही. मार्चमध्ये जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावातली सविता, आणि तिला बघायला येणारी स्थळं. सिनेमा सुरू होतो तो उलट्या चित्रानं : बायका बसल्या आहेत आणि मुलाला प्रश्न विचारताहेत. नाव काय, शिक्षण काय, उंची किती. प्रेक्षागृहात हशा पिकतो. मग ते सवितेचं स्वप्न होतं हे कळतं, आणि तेच प्रश्न आता तिला विचारले जातात. पुढे पुन्हा पुन्हा तोच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न. आधी हसलो होतो म्हणून आता हसता येत नाही. हा पूर्वरंगच आहे. दोन-चार मिनिटांत दिग्दर्शकानं आपली नजर दुरुस्त करून दिली, उपदेशाचा एक शब्द न बोलता. माझ्या मते वर्षातला हा सगळ्यांत नेमका सिनेमा.

सप्टेंबरात 'दशावतार' आला. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री, दृष्टी अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी कलावंत. कोकणातल्या दशावताराला स्वतःचा पूर्वरंग आहे. त्याला आडदशावतार म्हणतात, त्यात गणपती येतो, संकासुर येतो. सिनेमाच्या पहिल्या भागात बाबुली रंग लावतो, सोंग चढवतो, तेव्हा माणसाचा देव होताना दिसतो. तिथं प्रभावळकरांना तोड नाही. उत्तरार्धात सिनेमा सूडकथेच्या वाटेला लागतो आणि तेच अवतार वेशांतरासारखे वापरले जातात. अन्यायाचा राग खरा आहे, खाणीचा प्रश्नही खरा आहे. पण पहिल्या भागात सोंग घ्यायला वेळ लागत होता आणि त्या वेळात श्रद्धा तयार होत होती. नंतर सोंग क्षणात येतं. टाळ्या पडतात, अंगावर काटा मात्र येत नाही.

ऑपेराचं काय, असं कुणीतरी विचारेलच. मॉन्तेवेर्दीचा 'ऑर्फेओ', १६०७ साली मांतुआत झालेला. मी तो पडद्यावर पाहिला. आधी तुताऱ्यांचा गजर, आणि मग रंगमंचावर येतं कोण? साक्षात संगीत, स्त्रीरूपात. ती सांगते मी कोण आहे, माझी शक्ती काय आहे, आणि मी गाताना पाखरांनी, लाटांनी, वाऱ्यानंही थांबावं. आमच्याकडे सूत्रधार नांदी म्हणतो, तिकडे ही म्हणते. एकमेकांना न भेटलेल्या दोन परंपरा एकाच जागी पोचल्या, कारण दोन्हीकडचा प्रेक्षक बाहेरूनच येत होता.

आता एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. ही सगळी सवड असलेल्या लोकांची चैन नाही का? ज्याला उद्या पहाटे मळ्यात जायचंय, त्याला अर्धा तास आलाप ऐकवायचा हा कुठला न्याय? मला वाटतं हे नेमकं उलट आहे. ज्याचं पोट भरलंय, जो हॉलपासून पाच मिनिटांवर राहतो, त्याला पूर्वरंग कमी लागला तरी चालतं. तो अर्धा आत असतोच. ज्याच्या डोक्यात कर्जाचा हप्ता आहे, त्याला सगळ्यांत जास्त लागतो. 'ग्रामीण प्रेक्षकाला दम नसतो, पटकन मुद्द्यावर या' असं म्हणणारे लोक त्याची सोय बघत नाहीत, त्याचा प्रवेश काढून घेतात. वर नंतर म्हणतात, बघा, याला अभिजात काही कळत नाही.

आणि मोबाईल. तिथं 'सुरुवात वगळा' असं बटणच आहे. मी मोबाईलचा शत्रू नाही, हे व्याख्यानही त्यावरच ऐकलं जाणार. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' आठवा. त्यातला शरद रात्री मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकल चालवत माईंची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतो. आवाज सुमित्रा भावे यांचा. साधनेच्या मोठ्या गोष्टी कानात चालल्या आहेत, आणि त्याचं गाणं मात्र त्या उंचीला जात नाही. सिनेमा सुरू होतो तेव्हा तो गुरूंच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला असतो. माझं वाचन असं : कानातल्या व्याख्यानापेक्षा ते मागे बसणं त्याला जास्त देत होतं. व्याख्यान ऐकणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात बसलो होतो. भीमसेनजींनी १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव. तानपुरे जुळेपर्यंत माणसं खाण्याबद्दल, पार्किंगबद्दल बोलत होती. मग षड्ज लागला. पहिली काही मिनिटं काही 'घडलं' नाही. शेजारच्या गृहस्थांनी हळूच फोन उलटा ठेवला. मला तेवढ्यात गायकाचं अर्धं काम झालेलं दिसलं.

म्हणून आपल्या भागातल्या यात्रा समित्यांना, शाळांच्या स्नेहसंमेलनवाल्यांना आणि वाचनालयांना एक विनंती. कार्यक्रम ठरवताना सत्कार आणि भाषणं कापा, अगदी माझ्यासारख्यांचीही. गण कापू नका. बतावणीला वीस मिनिटं द्या आणि वग लवकर सुरू करा, म्हणजे दहाच्या आत तो पुरा होईल. फडमालकाला सुपारी देतानाच सांगा की आम्हाला वग हवाय. न्यायमूर्ती रानडे याच निफाडात १८४२ साली जन्मले, आणि पुढे त्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ऐकायला माणसं जमवणं हे सार्वजनिक काम आहे, असं ते मानत. ते काम अजून शिल्लक आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. मतोबाच्या यात्रेत जुन्या काळी वग पाहिलेलं कुणी इथं असेल, तर त्यांनी आधी बोलावं. मला ते ऐकायचंय.