‘जर’ उठलेला ओठ आणि एक अपुरा धडा

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेला प्रयोग आपल्याला परिचित आहे. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. जंतुदोष दिसताच प्रतिजैविके दिली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. या कामाचे मोल वादातीत आहे. आमचा आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या सोप्या धड्यावर: जंतुदोष झाला, प्रतिजैविक दिले, बाळ वाचले.

हा धडा जीवाणूंपुरता खरा आहे. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. ओठाच्या कडेला पाणीदार फोड आले की आपण ‘जर उठला’ म्हणतो व अंगातल्या उष्णतेला दोष देतो. ताप हे निमित्त. कारण असतो हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू. तो चेतापेशींत दडून राहतो आणि अधूनमधून वर येतो. मोठ्यांना काही दिवस चुरचुरते, एवढेच. पहिल्या महिन्यातल्या बाळात मात्र तो यकृत व मेंदूपर्यंत पोचू शकतो.

नवजात बाळांना हा संसर्ग क्वचितच होतो. जगात दर एक लाख जन्मांमागे सुमारे १०. त्यातही बहुतेकांना तो प्रसूतीच्या वेळी होतो. जन्मानंतर मुका घेण्यातून होणारा थोडा, पण तो टाळणे आपल्या हाती आहे. बाळ दूध ओढत नाही, मलूल होते, ही लक्षणे जीवाणूंच्या दोषासारखीच असतात. अंगावर फोड दिसतीलच असे नाही. औषध आहे अ‍ॅसायक्लोव्हिर, तेही शिरेतून, रुग्णालयात आणि लवकर द्यावे लागते.

जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावसारख्या गावात माहेरी आलेल्या बाळंतिणीला भेटायला सगळा गोतावळा येतो. तिथे प्रतिबंधाचा धडा अधिक उपयोगाचा. ओठावर फोड असलेल्याने ते पुरते सुकेपर्यंत बाळाचा मुका घेऊ नये, त्याच्या तोंडात बोट घालू नये, हात साबणाने धुवावेत. आईलाच फोड आले तर तिने तोंडाला फडके बांधावे. पाजणे थांबवू नये. फोड स्तनावर असेल तरच त्या बाजूने पाजू नये.

शिक्षकांनी वर्गात एवढेच विचारावे: घरी तान्हे बाळ आहे आणि मावशीच्या ओठावर ‘जर’ आहे, तिला कोण सांगेल, आणि कसे? जीवाणू-विषाणूंतला फरक मुलांना तिथे समजेल.